हार्टचं औषध मेंदू वाचवतं का? एका फॉरवर्डचा हिशेब

आमच्या कवठे येमाईच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड सारखा फिरतोय. ‘मोठी बातमी! हार्ट अटॅकचं औषध आता लकव्यावरही चालणार, अमेरिकेत मंजुरी. हार्टची गोळी घरात ठेवा, जीव वाचवा.’ खाली लाल हृदय, गुलाबी मेंदू आणि हात जोडलेल्या इमोजींची रांग. तुमच्याही ग्रुपवर आला असेल.

साफ खोटा फॉरवर्ड ओळखायला सोपा असतो. हा तसा नाही. याचं पहिलं वाक्य बऱ्यापैकी खरं आहे आणि दुसरं धोकादायक आहे. खऱ्याला चिकटून आलेलं खोटं कसं गळी उतरतं, ते मी आमच्याच घरात बघितलंय. म्हणून आज मोबाईलचं नवं फीचर बाजूला ठेवून या विषयावर लिहितोय.

गेल्या वर्षीची गोष्ट. नाना, म्हणजे माझे थोरले चुलते, पहाटे साडेपाचला कांद्याला पाणी द्यायला निघाले. आमच्याकडे बिबट्याच्या भीतीने अंधारात कोणी एकटं जात नाही, पण लाईट पहाटेचीच होती. सव्वासहाला परत आले ते उजवा हात लोंबकळत, तोंड वाकडं आणि शब्द जड. चुलतभावाने मला पुण्यात फोन लावला. “दादा, नानांवरून वारं गेल्यासारखं वाटतंय. शेजारच्या तात्यांकडं हार्टच्या गोळ्या हायेत. जिभेखाली ठेवायची एक आन् रक्त पातळ करायची एक. नानी म्हणती देऊ का?”

मी अर्धवट झोपेत फोनवरच सर्च केलं. ‘अटॅक आल्यावर काय द्यावे’ असं टाइप केलं. पहिल्या तीन उत्तरांत त्याच गोळ्या दिसल्या. मी म्हणालो, “दे.”

गोळ्या दिल्या आणि सगळे गुण येण्याची वाट बघत बसले. पाऊण तास गेला. नानांना घाम आला, डोळ्यापुढे अंधारी आली. मग गाडीची शोधाशोध झाली. तालुक्याच्या गावी ज्या दवाखान्यात नेलं तिथलं सीटी स्कॅनचं मशीन बंद होतं. पुढे नगर रोडचं ट्रॅफिक, शिक्रापूर आणि वाघोली. पुण्यात स्कॅन झाला तेव्हा दहा चाळीस झाले होते. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “शेवटचे ठीक कधी दिसले होते?” साडेपाचला. त्यांनी घड्याळाकडे बघितलं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायची मुदत दहा वाजताच संपली होती.

ते इंजेक्शन म्हणजेच फॉरवर्डमधलं ‘हार्ट अटॅकचं औषध’.

बातमी नेमकी काय आहे

औषधाचं नाव टेनेक्टेप्लेज. अमेरिकेत ते २००० साली हार्ट अटॅकसाठी मंजूर झालं. मार्च २०२५ मध्ये तिथल्या एफडीएने ते स्ट्रोकसाठीही मंजूर केलं. फॉरवर्डमधली ‘अमेरिकेत मंजुरी’ ती ही. पण भारतात स्ट्रोकसाठी हे औषध त्याच्या कितीतरी आधीपासून वापरात आहे आणि ते बनवणारी कंपनी आपल्या पुण्यातलीच आहे : जेनोवा बायोफार्मास्युटिकल्स. कोविडच्या काळात भारताची पहिली एमआरएनए लस काढणारी तीच. म्हणजे ‘अमेरिकेने शोधलं’ म्हणून आपण जे फॉरवर्ड करतोय ते हिंजवडीच्या बाजूला तयार होत होतं. असो.

हार्टचं औषध मेंदूवर चालतं कसं? कारण दोन्हीकडे बिघाड एकाच जातीचा असतो. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळीत गुठळी अडकली की हार्ट अटॅक, मेंदूच्या नळीत अडकली की स्ट्रोक. आपल्या रक्तात गुठळी विरघळवणारी यंत्रणा मुळातच असते, फक्त ती सावकाश चालते. टेनेक्टेप्लेज रक्तातल्या प्लास्मिनोजेनचं प्लास्मिन करतं आणि हे प्लास्मिन गुठळीतले धागे तोडत जातं. शेतकऱ्याच्या भाषेत, ठिबकची नळी चोक झाली की ॲसिड सोडतो तसं.

याच्या आधीचं अल्टेप्लेजही असंच हृदयाकडून मेंदूकडे आलं. अमेरिकेत ते १९८७ ला हार्ट अटॅकसाठी आणि १९९६ ला स्ट्रोकसाठी मंजूर झालं. ते मात्र थोडं एकदम आणि उरलेलं तासभर सलाईनच्या पंपातून द्यावं लागतं. टेनेक्टेप्लेज एकाच सुईत काही सेकंदांत जातं. हा फरक शहरात बसून किरकोळ वाटतो. पण छोट्या दवाखान्यातून मोठ्या दवाखान्यात पेशंट हलवायचा असेल तर हलत्या गाडीत तासभर पंप सांभाळायचा की सुई देऊन लगेच निघायचं, हा फार मोठा फरक आहे. कॅनडात सुमारे १६०० पेशंटवर दोन्ही औषधांची तुलना झाली, निकाल २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. तीन महिन्यांनी जवळपास पूर्ववत झालेल्यांचं प्रमाण टेनेक्टेप्लेजच्या गटात ३६.९ टक्के होतं, अल्टेप्लेजच्या गटात ३४.८. म्हणजे नवं औषध जुन्यापेक्षा कमी नाही आणि द्यायला सोपं. चमत्कार वगैरे काही नाही. औषध वेळेत मिळूनही निम्म्याहून जास्त लोकांना काही ना काही अधूपण राहतंच.

आता फॉरवर्डमध्ये नसलेली गोष्ट. औषध तेच असलं तरी डोस तो नाही. हार्ट अटॅकला वजनानुसार ५० मिलीग्रॅमपर्यंत देतात. अमेरिकेत स्ट्रोकसाठी मंजूर झालेला डोस किलोला पाव मिलीग्रॅम, जास्तीत जास्त २५. नॉर्वेमध्ये किलोला ०.४ मिलीग्रॅम देऊन बघितलं तेव्हा मेंदूत रक्तस्राव वाढले आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. आणि ही गोळी नाहीच. हे इंजेक्शन आहे, सीटी स्कॅन बघून, दवाखान्यातच द्यायचं. ‘हार्टची गोळी घरात ठेवा’ हे वाक्य कुणीतरी आपल्या मनाने जोडलंय.

स्कॅन आधी का लागतो

स्ट्रोक दोन प्रकारचे. बहुतेक गुठळीचे, बाकीचे मेंदूतली नस फुटून रक्तस्रावाचे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात : वाकडं तोंड, लुळा हात, बोबडी वळणं. मोठा अनुभवी डॉक्टरसुद्धा नुसतं बघून खात्रीने सांगू शकत नाही. आणि उपचार उलटे आहेत. एकात गुठळी फोडायची, दुसऱ्यात रक्त थांबवायचं. रक्त फुटून वाहतंय तिथे रक्त पातळ करणारी गोळी दिली तर काय होईल, ते सांगायला डॉक्टर नको.

इथे हार्ट अटॅक आणि स्ट्रोक यांची गल्लत होते. २०२४ च्या सुरुवातीला कानपूरच्या हृदयरोग संस्थेतून निघालेलं सात रुपयांचं ‘राम किट’ खूप व्हायरल झालं होतं. त्यात ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉलची गोळी आणि सॉर्बिट्रेट होतं. ते छातीत दुखणाऱ्या माणसासाठी होतं आणि तसं सांगितलंही होतं. पण फॉरवर्ड होता होता ‘छातीत दुखत असेल तर’ हे शब्द गळतात आणि उरतं फक्त ‘अटॅक’. आपण बोलताना ‘हार्टचा अटॅक’, ‘लकव्याचा अटॅक’ असं सर्रास म्हणतो. माझ्या सर्चमध्येही मी ‘अटॅक’च लिहिलं होतं. गूगलने मला विचारलं त्याचंच उत्तर दिलं.

बरं, सॉर्बिट्रेटच्या जातीचं औषध स्ट्रोकमध्ये लवकर दिलं तर फायदा होईल का, हे शास्त्रज्ञांनी खरंच तपासलंय. ब्रिटनमध्ये ११४९ पेशंटना ॲम्ब्युलन्समध्येच चार तासांच्या आत नायट्रोग्लिसरीनचा पॅच किंवा खोटा पॅच लावला. निकाल २०१९ चा : काही फायदा नाही. मेंदूत रक्तस्राव झालेल्यांना तर त्याने तोटा होत असावा अशी शंका आली. नेदरलँड्समध्ये तसाच प्रयोग याच शंकेमुळे अर्ध्यात थांबवला. २०२४ मध्ये चीनमधून २४०० पेशंटचा अभ्यास आला, ॲम्ब्युलन्समध्ये बीपी उतरवण्याचा, दुसऱ्या औषधाने. एकत्र आकडा बघितला तर फरक शून्य. पण आत डोकावलं तर रक्तस्रावाच्या पेशंटना फायदा, गुठळीच्या पेशंटना तोटा. दोघांची बेरीज शून्य.

याचं कारण समजायला परत शेतात जाऊ. नळी चोक झाली की पुढची सगळी रोपं एकाच वेळी मरत नाहीत. अगदी जवळची लगेच जातात, पण कडेची शेजारच्या ओळीच्या ओलाव्यावर तग धरतात, सुकलेली पण जिवंत. मेंदूतही गुठळीभोवती असा सुकलेला पट्टा असतो. दर मिनिटाला सरासरी १९ लाख पेशी मरतात असा एक प्रसिद्ध अंदाज आहे, त्या बहुतेक या पट्ट्यातल्या. या पट्ट्याला आजूबाजूच्या नसांतून थोडंफार रक्त मिळत असतं आणि ते ढकलायला शरीर मुद्दाम बीपी वाढवतं. आपण घाबरून जिभेखाली गोळी ठेवतो आणि नेमका तोच दाब पाडतो. नानांना अंधारी आली ती त्यामुळेच असावी. गोळ्यांनी नेमकं किती नुकसान झालं ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि ते सांगता येतही नसेल. पाऊण तास गेला, तो हिशेब मात्र मला करता येतो. दहा चाळीसमधून पाऊण तास वजा केला की नऊ पंचावन्न.

नळी उघडणं वेगळं, रोप टिकवणं वेगळं

फॉरवर्डमध्ये ‘मेंदूचं संरक्षण’ असाही शब्द आहे. टेनेक्टेप्लेज पेशीला कवच वगैरे घालत नाही, ते फक्त नळी मोकळी करतं. पाणी नसतानाही रोप टिकून राहील असं औषध ही वेगळीच गोष्ट. त्यामागे शास्त्रज्ञ कित्येक दशकं लागलेत आणि हृदयाच्या औषधांच्या कपाटातलं बरंच काही त्यांनी तपासून बघितलंय.

निमोडिपिन घ्या. बीपीच्या ॲम्लोडिपिनच्या भावकीतलं. मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव होतो त्या खास प्रकारात त्याने फायदा होतो. १९८९ च्या ब्रिटिश चाचणीत मेंदूचा भाग मरण्याचं प्रमाण ३३ टक्क्यांवरून २२ वर आलं आणि आजही ते त्या आजारात देतात. मग साध्या स्ट्रोकमध्ये का नको? नेदरलँड्समध्ये गावातल्या डॉक्टरांनीच सहा तासांच्या आत निमोडिपिन द्यायचं अशी चाचणी झाली. फायदा काहीच नाही, मध्येच बंद केली. कँडेसार्टन ही बीपीची गोळी उंदरांत आणि एका छोट्या अभ्यासात आशादायक वाटली होती. मग उत्तर युरोपात नऊ देशांत २०२९ पेशंटवर तपासलं, २०११ मध्ये निकाल आला : फायदा नाही, उलट थोडा तोटाच असावा.

आणि मग बिट्टी. हो, तीच, बांधावरची पिवळी कण्हेर, जिच्या बियांशी आपण लहानपणी खेळलो. २००६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदराच्या मेंदूच्या पातळ चकत्यांवर शेकडो रसायनं तपासली. त्यात नेरिफोलिन नावाचं रसायन पेशी वाचवताना दिसलं. ते याच झाडात असतं आणि हृदयाच्या जुन्या डिगॉक्सिन या औषधाच्या जातीचं आहे. पुढे प्राण्यांतही परिणाम दिसला. शोधनिबंध पीएनएएस या नामांकित नियतकालिकात आला. बातमी म्हणून यासारखी बातमी नाही : ‘हृदयाचं औषध मेंदू वाचवतं, आणि ते तुमच्या बांधावर उगवतं!’ पण जवळपास वीस वर्षं झाली, यातून स्ट्रोकचं औषध निघालेलं नाही. कारण हे रसायन पेशीतला सोडियमचा पंप रोखतं आणि हृदयाच्या पेशीतही तोच पंप आहे. बिट्टीचं बी पोटात गेलं की हृदयाचे ठोके बिघडतात, माणूस मरतो. श्रीलंकेत या विषबाधेचे पेशंट इतके येतात की त्यावरच्या उताऱ्याची चाचणी तिथेच करावी लागली. २०२० मध्ये कण्हेरीतलंच ओलिअँड्रिन कोविडवर चालतं असा गाजावाजा अमेरिकेत झाला होता, एफडीएने ते आहारपूरक म्हणून विकायलाही नकार दिला. ‘कण्हेरीचा काढा’ असं रील दिसलं तर ते पुढे पाठवू नका, एवढं ऐका.

हार्टच्या गोळ्या खरंच कुठे चालतात

झटक्याच्या आधी. कित्येक वर्षं आधी.

हे ऐकायला कंटाळवाणं आहे म्हणूनच त्याचा फॉरवर्ड होत नाही. ज्यांना आधी स्ट्रोक येऊन गेलाय अशा ६१०५ लोकांवर बीपीच्या गोळ्यांचा एक मोठा अभ्यास २००१ मध्ये छापून आला. पुन्हा स्ट्रोक येण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी घटलं, दोन गोळ्या एकत्र घेणाऱ्यांत ४३ टक्क्यांनी. झटका आल्यावर बीपी पाडून फायदा मिळत नाही, पण तेच बीपी रोज शांतपणे आटोक्यात ठेवलं तर इतका फरक पडतो.

नानांची बीपीची गोळी आधी चालू होती. चार महिन्यांपूर्वी त्यांनी ती बंद केली, कारण बीपी ‘नॉर्मल आलं’. ते नॉर्मल गोळीमुळेच आलं होतं. घरात कोणाला पत्ताच नव्हता.

इथे मोबाईल खरंच कामाला येतो. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे सुरुवातीपासून होते. या उपक्रमात ‘सिंपल’ नावाचं ॲप वापरतात. सरकारी दवाखान्यातली सिस्टर पेशंटच्या कार्डावरचा क्यूआर कोड स्कॅन करते, बीपी टाकते, आणि कोण ठरलेल्या तारखेला आलं नाही त्याची यादी ॲप काढून देतं. मग त्याला फोन जातो. ॲपचा कोड ओपन सोर्स आहे, कुणीही बघू शकतो. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. यात एआय नाही, काही भारी नाही. पण नाना अशा यादीत असते तर चार महिन्यांत निदान एक फोन आला असता.

दुसरं, हृदयाचे अनियमित ठोके, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. यात हृदयाच्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत जाते. स्ट्रोकचा धोका साधारण पाचपट. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसारख्या औषधांनी त्यातला जवळपास दोनतृतीयांश कमी होतो. हे खरं ‘हार्टचं औषध, मेंदूचं संरक्षण’, आणि त्यावर डॉक्टरांचं लक्ष लागतं. स्मार्टवॉच हे ठोके पकडू शकतं का? ॲपलच्या मोठ्या अभ्यासात ४ लाख १९ हजार लोक होते, त्यांतल्या ०.५२ टक्के लोकांना सूचना आली. पुढे पॅच लावून तपासलेल्यांपैकी ३४ टक्क्यांत ते ठोके सापडले. म्हणजे सूचना आली तर ईसीजी काढा, नाही आली म्हणून निश्चिंत होऊ नका. आणि दीड-दोन हजारांच्या घड्याळात दिसणारं बीपी बघून कुणाची गोळी कमी-जास्त करू नका. दंडाला पट्टा बांधायचं साधं मशीन घ्या.

तिसरं तंत्रज्ञान दवाखान्यातलं. मुंबईच्या क्युअर डॉट एआय कंपनीने भारतातल्या तीन लाखांवर सीटी स्कॅनवरून एक प्रणाली तयार केली, ती स्कॅनमधला रक्तस्राव ओळखते. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो अभ्यास आला. रात्री तीन वाजता रेडिओलॉजिस्ट नसलेल्या ठिकाणी याचा उपयोग आहे. पण त्यासाठी सीटी स्कॅनचं मशीन चालू असावं लागतं, आणि आमची गाडी अडली होती ती तिथेच.

मला कोणी विचारलं की आमच्यासारख्या गावाला सगळ्यात जास्त काय हवंय, तर मी नवं औषध म्हणणार नाही. मी म्हणेन, कुठल्या दवाखान्यात या क्षणी सीटी चालू आहे आणि इंजेक्शन शिल्लक आहे हे फोनवर एका जागी दिसू द्या. पेट्रोल पंपावर गर्दी किती ते दिसतं, हे का दिसू नये?

तोवर मी आमच्या ग्रुपवर एक मेसेज पिन करून घेतलाय. ॲडमिनच्या दोनदा पाया पडलो. मेसेज असा आहे :

‘हसायला सांगा, तोंड एका बाजूला जातंय का बघा. दोन्ही हात वर करायला सांगा, एक खाली येतोय का बघा. एक वाक्य बोलायला सांगा. यातलं काहीही बिघडलेलं दिसलं तर १०८. माणूस शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ लिहून घ्या. तोंडातून काही देऊ नका, गोळी नाही, पाणी नाही, चहा नाही, ठसका लागतो. मालिश नाही, लकव्याचं गावठी औषध नाही. फोन करून सीटी स्कॅन चालू आहे का विचारा, मगच तिकडे न्या. साडेचार तास उलटले तरी न्या, मोठी नस बंद असेल तर काही पेशंटमध्ये तारेने गुठळी २४ तासांपर्यंत काढता येते.’

खाली आमच्या भागातल्या तीन दवाखान्यांचे नंबर आहेत. मी स्वतः फोन करून विचारलेले. एकाने उचललाच नाही, तो काढून टाकला.

नानांना तारेचा उपचार लागू नव्हता, त्यांची बंद झालेली नस बारीक होती. आता ते काठी घेऊन वेशीपर्यंत चालतात. उजव्या हाताने अजून घास उचलत नाही. बोलताना शब्द सापडला नाही की चिडतात आणि मग स्वतःच हसतात. रात्री आठला त्यांच्या फोनवर मी लावलेला अलार्म वाजतो. तो बंद कसा करायचा ते त्यांना अजून जमत नाही, त्यामुळे नानी येईपर्यंत वाजत राहतो, आणि तेवढ्यात गोळी घेतली जाते.

परवा तोच फॉरवर्ड पुन्हा ग्रुपवर आला, या वेळी दुसऱ्या नंबरवरून. चुलतभावाने त्याला उत्तर म्हणून पिन केलेला मेसेज चिकटवला आणि खाली लिहिलं, ‘गोळी नको, गाडी काढा.’